ड्यूक ३९०चे टायर बदलायचेत: घाटासाठी चिकट घेऊ की पावसाचा विचार करू?

मुलुंडकर_३९० :

नमस्कार मंडळी. गाडी २०१९ची केटीएम ड्यूक ३९०, गेल्या वर्षी सेकंडहँड घेतली तेव्हा ९ हजार किमी झाले होते, आता १७ हजार होत आलेत. टायर अजून कंपनीतून आलेलेच आहेत, मेट्झलर एम५, पुढे ११०/७० आर१७ आणि मागे १५०/६० आर१७. रोज ऑफिसला मुलुंड ते अंधेरीचं सीप्झ जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) ये-जा, आणि महिन्यातून एक रविवार पहाटे साडेचारला निघून माळशेज, नाहीतर खोपोलीवरून शिंग्रोबाच्या जुन्या घाटाने लोणावळा. त्या एका सकाळसाठी मी महिनाभर थांबतो, घाटात गाडी मनासारखी पळवायला मिळावी एवढीच इच्छा असते.

झालं असं की मागच्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस पडला त्या संध्याकाळी जेव्हीएलआरवर मेट्रोच्या कामाजवळ रस्त्यात लोखंडी प्लेट टाकलीय ना, तिच्यावर मागचं चाक वीतभर बाजूला गेलं. वेग ३० पण नसेल. पाय टेकला म्हणून वाचलो, मागून बस येत होती, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

घरी येऊन पार्किंगमध्ये मागच्या टायरवरून आडवा हात फिरवला तर मधे चार बोटं रुंद पट्टा एकदम सपाट, आणि पट्टा संपतो तिथे दोन्ही बाजूंना बोटाला चक्क कड लागते. कडेची नक्षी अजून छान आहे पण मधे गोटा व्हायला आलाय. आता कळतंय की वळणात गाडी आधी झुकायलाच तयार नसते आणि मग एकदम पडते ते कशामुळे. पुढचा टायर मात्र दिसायला चांगला आहे, टीडब्ल्यूआयच्या (नक्षी किती झिजली ते दाखवणाऱ्या) खुणेपासून अजून बराच लांब.

आता प्रश्न. एक, फक्त मागचा बदलू की जोडी घेऊ? दोन, ग्रुपमधले मित्र म्हणतात घाटात मजा पाहिजे तर सगळ्यात मऊ कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) टायर टाक, दुसरं काही बघू नकोस, खरं आहे का? तीन, एका दुकानात सांगितलं मागे १५०च्या जागी रुंद १६०चा बसतो, गाडी भारी दिसते. बजेट १५ हजारांच्या आसपास, थोडं पुढेमागे चालेल.

घोडबंदर_काका :

मुलुंडकर, पडला नाहीस ही मोठी गोष्ट. आधी एक सांगतो, ओल्या लोखंडी प्लेटवर जगातला कुठलाच टायर धरत नाही, तिथे गाडी सरळ ठेवायची, थ्रॉटल आहे तसाच धरायचा, ब्रेक लावायचा नाही आणि तसंच पार व्हायचं. पण वीतभर सरकल्यावर पुढच्या डांबरावर चाकाने लगेच पकड घ्यायला हवी होती, ती घेतली नाही, तिथे टायरचा दोष आहे.

आता मऊ टायरचं. तू स्वतःच लिहिलंस ते परत वाच. महिन्यातले वीसबावीस दिवस जेव्हीएलआर, गांधीनगरचा सिग्नल, पवईचं ट्रॅफिक, आणि एक दिवस घाट. त्या दिवशीसुद्धा माळशेजला जाऊन यायचं म्हणजे दोनशेच्या वर किमी, त्यातला खरा वळणांचा घाट किती? बाकी सगळं कल्याण मुरबाड टोकावडे, बहुतेक सरळच. म्हणून तर तुझा टायर मधे सपाट झालाय. जितका मऊ टाकशील तितका मधला पट्टा लवकर बसेल, आणि घाटात ज्या गोल आकाराची गरज असते तोच आधी जाईल. टायर गोल असला की गाडी झुकताना रबराचा रस्त्याला टेकलेला भाग हळूहळू बाजूला सरकतो. चौकोनी झाला की गाडीला आधी ती कड चढावी लागते आणि मग पलीकडे ती घसरल्यासारखी उतरते, तुला जे "एकदम पडते" वाटतं ते हेच.

दुसरी गोष्ट गरमीची. खूप मऊ स्पोर्ट कंपाउंड आणि ट्रॅकच्या जवळ जाणारं रबर तापल्यावर धरतं. ट्रॅकवर सलग वळणं, सलग जोराचे ब्रेक, टायर तापतो आणि तापलेला राहतो. आपल्याकडे जुलैत सिग्नल ते सिग्नल जाताना, वरून पाणी आणि खालून पाणी, तो तापणार कधी? पहाटे घाटाच्या पायथ्याशी चहा पिऊन निघालास तरी पहिली चार वळणं थंड टायरवरच होतात. स्पोर्ट टूरिंग टायरचं (रोजच्या आणि लांबच्या प्रवासाच्या टायरचं) कंपाउंड थंडीत आणि ओल्यात पकडीसाठीच बनवतात, त्यात सिलिकाचं प्रमाण चांगलं असतं, आणि बऱ्याच टायरमधे मधला पट्टा कडक आणि बाजू मऊ असं दोन प्रकारचं रबर असतं. तुझ्यासारख्याला हेच पाहिजे, मधे टिकेल आणि झुकल्यावर धरेल.

माझ्या ३९०वर याच प्रकारचे मिशलिन रोड ५ आहेत. टीव्हीएसने २०२०मध्ये अपाचे आरआर३१०ला कंपनीतूनच हे टायर दिले, साईज तुझीच. मी ओल्या कशेडीत (बोगदा व्हायच्या आधीच्या जुन्या घाटात) आणि कर्नाळ्याला त्यांच्यावर इतके पावसाळे काढलेत की माझा जीव त्यांच्यात अडकलाय. बजेटच्या वर जातील. बजेटमध्येच राहायचं तर अपोलो अल्फा एच१ आणि टीव्हीएस युरोग्रिपचा प्रोटॉर्क एक्स्ट्रीम हे दोन्ही तुझ्या साईजचे रेडियल (आतले धागे एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ आडवे) आहेत, दोन्ही इथेच बनतात आणि सहज मिळतात. माझ्या पुतण्याच्या बजाज डॉमिनारला यातलीच एक जोडी आहे, त्याची काही तक्रार नाही.

वळणवेडा_डोंबिवली :

काकांचा मान ठेवून थोडं वेगळं सांगतो. पावसाळा चार महिने, बाकीचे आठ महिने रस्ता कोरडा. ऑक्टोबर ते मे घाटात मऊ टायरवर पुढून जे कळतं ना, म्हणजे हँडलमधून रस्ता वाचता येतो, ते टूरिंग टायरवर मला कधी मिळालं नाही. वळणाच्या आत ब्रेक सोडता सोडता गाडी आत वळवायची, त्या क्षणाला पुढच्या टायरवर विश्वास असणं हीच सगळी मजा आहे, आणि मजा पाहिजे म्हणूनच भावाने प्रश्न विचारलाय.

पण खरं तेही सांगतो. माझा मागचा सहा हजार किमीत संपला. मी गाडी फक्त रविवारी काढतो, ऑफिसला लोकलने जातो, म्हणून मला परवडतं. तू रोज जेव्हीएलआरला घासणार असशील तर वर्षात दोन मागचे लागतील बघ. तसं असेल तर काका म्हणतात ते बरोबर.

एक टिप, पावसात मी हवा कमी करतो, २४-२५ पीएसआय ठेवतो, टायर जरा पसरतो आणि ग्रिप वाढते.

घोडबंदर_काका :

वळणवेडा, कोरड्या घाटातल्या पुढच्या टायरचं तू म्हणतोस ते मान्य, आणि फक्त रविवारच्या गाडीला तुझी निवड बरोबरच आहे. पण हवेचं हे नको रे करूस, कळकळीने सांगतो. पावसात ग्रिप मिळते ती टायर पाणी कापून खाली रस्त्यापर्यंत पोचतो तेव्हा. हवा कमी केली की टायर पाण्यावर दाबतो कमी, नक्षीच्या खाचा मिटतात आणि पाणी बाहेर जायला वाट राहत नाही, म्हणजे टायर पाण्यावर तरंगायला लवकर लागतो. वर साईडवॉल (टायरची बाजू) लेचीपेची होते, खड्ड्यात रिमला मार बसतो तो वेगळाच. ३९०ला कंपनीने सांगितलेली २९ आहे ना, पावसात तीच ठेव. आणि मोजायची ती सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, थंड टायरवर, स्वतःच्या गेजने. पंपावर पोचेपर्यंत टायर तापलेला असतो आणि तिथला गेज शंभर जणांनी आपटलेला असतो.

टायरवाला_कुर्ला :

मी सीएसटी रोडला टायरच्या दुकानात आहे, चौदा वर्षं झाली हेच काम करतोय. मुलुंडकर भाऊ, सगळे कंपाउंडचं बोलले पण तुमच्या गाडीचं वय कोणी विचारलं नाही. गाडी २०१९ची आणि टायर ओरिजिनल, म्हणजे रबर निदान सहा वर्षांचं झालं. साईडवॉलवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते बहुतेक एकाच बाजूला असतात, तुमच्या बाजूला दिसले नाहीत तर चेनच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मारून बघा. मग अंगठ्याचं नख रबरात दाबा. ताज्या टायरमध्ये नख जरा रुततं आणि खूण हळूहळू भरून येते, म्हाताऱ्या टायरवर नख घसरतं. पुढच्याला नक्षी आहे म्हणून चांगला समजू नका, नक्षी शिल्लक आणि रबर मेलेलं अशी गाडी आमच्याकडे पावसाळ्यात दर आठवड्याला येते, बहुतेक वेळा पडून झाल्यावर. जोडीच बदला.

आणि जोडी म्हणजे खरंच जोडी, पुढे मागे एकाच मॉडेलचे. नावात "आर" म्हणजे रेडियल, तिथे नुसती आडवी रेघ असेल तर साधा बायस (आतले धागे तिरके). पुढे एक मागे एक असं करू नका, दोघांची वळणातली वागणूक वेगळी असते. साईजनंतरचा आकडा वजनाचा आणि अक्षर वेगाचं, उदाहरणार्थ ६६ म्हणजे ३०० किलो, एच म्हणजे ताशी २१०, डब्ल्यू म्हणजे २७०. कंपनीने दिलंय त्याच्या खाली उतरायचं नाही, दुकानदार कितीही म्हणो की चालतंय.

जुन्या स्टॉकचं पण बघा. २०२०च्या जूनमध्ये सरकारने बाहेरून येणाऱ्या नवीन टायरवर बंधनं घातली, तेव्हापासून बाहेरचे टायर मिळण्यात चढउतार असतो आणि गोदामात राहिलेला माल सवलत म्हणून निघतो. सवलत घ्या, पण आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. वर्षभराच्या आतला असेल तर डोळे मिटून घ्या, दोन वर्षांच्या पुढचा असेल तर मी माझ्या भावाला घेऊ देणार नाही.

फिटिंगच्या वेळी समोर उभे राहा. जुना टायर निघाला की रिमच्या आतली कड साफ झाली पाहिजे, तिथे गंज आणि जुन्या रबराचा थर बसलेला असतो, तो राहिला तर हवा रोज दोन पाउंड उतरते आणि तुम्ही पंक्चर शोधत बसता. व्हॉल्व्ह नवीन टाकायला सांगा, टायरच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने. काही टायरवर पिवळा ठिपका असतो, ती हलकी बाजू, तो व्हॉल्व्हसमोर येऊ द्या. मग साबणाचं पाणी लावून हवा मारली की टायर रिमवर बसताना ठप, ठप असे दोन आवाज येतात, दोन्ही बाजूंचे दोन. एकच आला तर एक बाजू बसली नाही. रिमच्या कडेला टायरवर एक बारीक रेघ असते, ती चाक फिरवून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. त्यानंतर बॅलन्सिंग (छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं), आमच्याकडे गिऱ्हाईक पुढच्याचं करतात आणि मागचं सोडतात, दोन्ही करा.

हात जोडून एक विनंती, नवीन टायरला चमक यावी म्हणून पॉलिश मारू देऊ नका. कारला ठीक आहे. बाईकचा टायर कडेवर पण चालतो आणि ते तेल नेमकं तिथे जातं.

विरारची_एनएस :

१६०च्या प्रश्नावर माझा अनुभव लिहिते, कारण मी हाच मूर्खपणा पैसे देऊन केलाय. माझी बजाज पल्सर एनएस२००, मागे कंपनीचा १३०/७०. दोन वर्षांपूर्वी एका दुकानात त्यांनी १५०/६० दाखवला, म्हणाले ताई रिम तीच चालते, मागून बघा काय दिसते गाडी. दिसत होती खरंच छान. पण अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की दोन्ही कडा आत खेचल्या जातात आणि टायर मधून उंच टोकदार होतो, म्हणजे सरळ चालताना आधीपेक्षाही कमी रबर रस्त्याला. वसईच्या पुढे हायवेवर लेन बदलताना गाडी आळशी झाली, चेन टायरला जवळजवळ चाटत होती, आणि अॅव्हरेज पडला. सगळ्यात वाईट म्हणजे पुढचा तसाच आणि मागचा बदललेला, त्यामुळे झुकताना पुढचं एक सांगतंय आणि मागचं दुसरंच. आठ महिन्यांत काढून टाकला आणि परत १३०वर आले, पहिल्याच वळणाला गाडी ओळखीची वाटली, डोळ्यात पाणी आलं अक्षरशः.

तुझ्या ३९०ची मागची रिम ४ इंचाची आहे, १५०/६० त्यावर बरोबर बसतो. १६०ला साडेचारची रिम पाहिजे. गाडी घाटात पळवायची असेल तर साईजला हात लावू नकोस.

अजून एक, पावसाळ्यात आपल्याकडे रस्ता दर शंभर मीटरला बदलतो. डांबर, मग पेव्हर ब्लॉक, मग नवीन काँक्रीट, मग झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा रंग, गटाराचं झाकण, फ्लायओव्हरचे लोखंडी जॉइंट. पहिल्या पावसाला तर वर्षभराचं ऑइल आणि डिझेल वर येतं. मी पहिल्या दोन दिवसांत गाडीच काढत नाही.

मुलुंडकर_३९० :

सगळ्यांचे मनापासून आभार. टायरवाला दादांचं वाचून रात्री साडेअकराला खाली गेलो. मागच्याच्या चेनच्या बाजूला, चिखल पुसल्यावर, २३१९. पुढच्याला २११९. म्हणजे दोन्ही २०१९च्या मेजूनचे, आणि मी वर्षभर पुढचा नवा समजून चालवत होतो. नख पण लावून बघितलं, पुढच्यावर नख घसरलं हो, खूणसुद्धा उमटली नाही. याच टायरवर मी एप्रिलमध्ये माळशेजला गाडी झोपवत होतो.

१६०चा विषय संपला, ताई थँक्यू. मऊचा मोह अजून आहे पण वळणवेडा भाऊने सहा हजाराचा आकडा सांगितला तिथेच हिशोब कळला. बजेट थोडं ओढून रोड ५ची जोडी बघतो, ताज्या तारखेची नाही मिळाली तर इथलीच रेडियल जोडी. काका, डबलसीटला हवा वाढवायची का? बायको कधीकधी येते लोणावळ्याला.

घोडबंदर_काका :

हो, मागे वाढव, किती ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये डबलसीटच्या रकान्यात दिलंय, तेवढीच. पुढची तशीच राहू दे. आणि नवीन टायरवर पहिले १५०-२०० किमी शांत. वरचा थर गुळगुळीत असतो, तो घासला जाईपर्यंत टायर धरत नाही. सरळ रस्त्यावर चालवून फक्त मधला भाग घासला जातो हे लक्षात ठेव, म्हणून दर दिवशी थोडं थोडं जास्त झुकव, कोरड्यात. नवीन टायर टाकून त्याच दिवशी घाटात पडलेले दोन जण मी स्वतः उचललेत.

मुलुंडकर_३९० :

अपडेट देतो, थोडा लांब झालाय माफ करा. तीन दुकानं फिरलो. पहिल्यात रोड ५ होते पण मागच्याची तारीख अडीच वर्षांपूर्वीची, मी टॉर्च काढला तसा तो म्हणाला साहेब टायरला काय एक्सपायरी असते का, मी निघालो. दुसऱ्यात पुढचा होता मागचा नव्हता. तिसऱ्यात दोन्ही ह्याच वर्षाचे मिळाले, बजेटच्या बरेच वर गेले, पण घेतले. समोर उभा राहिलो. मागच्या रिमच्या कडेवरून त्या पोराने इतका काळा थर खरवडून काढला की मी फोटोच काढला. ठप, ठप, दोन्ही आवाज ऐकले. बॅलन्सिंगमध्ये पुढच्याला वजन थोडंच लागलं, मागच्याला बरंच.

पहिले चार दिवस ऑफिस, मग ऐरोलीला सकाळी रिकाम्या रस्त्यावर जाऊन हळूहळू झुकवत घासले. दोनशे किमी झाल्यावर काल माळशेज. मुरबाडपर्यंत कोरडं, टोकावड्यानंतर पाऊस, घाटात धुकं, धबधब्यांचं पाणी रस्त्यावरून आडवं वाहत होतं, गाड्यांची गर्दी होती म्हणून पळवायचा प्रश्नच नव्हता. पण बोगद्याच्या अलीकडे ते एक लांब डावं वळण आहे, तिथे रस्ता ओला आणि समोर कोणी नव्हतं. गाडी आत घातली, आणि जेवढी मी झुकवली तेवढीच झुकली, ना अडली ना पडली. वर्षभरात पहिल्यांदा कळलं की ही गाडी अशी वळते. वर जाऊन कणीस घेतलं आणि दहा मिनिटं टायरकडेच बघत उभा होतो.

पाऊस जरा उतरला की ताम्हिणी करायची आहे, माणगावकडून चढून. येत्या रविवारी नाही तर त्याच्या पुढच्या, मुलुंड चेकनाक्याला पहाटे पाच वाजता. वळणवेडा भाऊ, ताई, येणार का? काका, तुम्ही पुढे राहा, आम्ही तुमच्या लाईनने येतो.